शब्दचर्चा: गुप्तरोग, गरमी, उन्हाळी, अवधाण

प्रश्न (माध्यमिक शिक्षिका, खानापूर तालुका)
आठवी ते दहावीच्या आरोग्याच्या तासासाठी भित्तिपत्रक करायचं आहे. हाताशी असलेल्या जुन्या मजकुरात सगळीकडे 'गुप्तरोग' आहे. 'लैंगिक संसर्ग' लिहिलं तर खेड्यातल्या पोरांना कळेल का? आणि गरमी, उन्हाळी, अंगावर जाणं हे त्यांच्याच तोंडचे शब्द घ्यावेत का?

समुपदेशक, बेळगाव
'गुप्तरोग' काढाच. रोग कशानं होतो हे त्या शब्दात नाही, आहे ती नुसती लपवाछपवी. शिवाय मुताऱ्यांच्या भिंतींवरच्या 'शर्तिया इलाज'वाल्यांनी तो कधीच पळवलाय. त्यांच्या गुप्तरोगात हस्तमैथुन येतं, धातू जाणं येतं, स्वप्नदोष येतो. यातला एकही रोग नाही. 'स्वप्नदोष'मधला 'दोष'सुद्धा छापू नका, 'झोपेत वीर्य बाहेर येणं' एवढं पुरे. 'लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग' लांबलचक आहे खरं, पण कारण त्यातच आलं. 'संसर्ग' कोरोनानंतर सगळ्यांना पाठ आहे. कन्नड माध्यमाची पोरं असतील तर 'सोंकु' म्हणा.

परिचारिका, निपाणी
पोरांचे शब्द घ्या, पण प्रत्येकाशेजारी 'म्हणजे काय काय असू शकतं' हे लिहा. नाहीतर घोळ होतो.

गरमी: म्हाताऱ्यांच्या तोंडी गरमी म्हणजे उपदंश, सिफिलिस. (परमा म्हणजे गनोरिया.) पोरांच्या तोंडी गरमी म्हणजे अंगातली उष्णता, म्हणजे तोंड आलं, पुरळ उठलं की गरमी. आता उपदंशाची पहिली जखम बघा. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठते, कधी १० दिवसांनी तर कधी ९० दिवसांनी. दुखत नाही, आणि काहीही न करता ३ ते ६ आठवड्यांत भरून येते. तेवढ्यात सब्जाचं पाणी किंवा ताक प्यालेलं असलं की 'गरमी उतरली' म्हणून विषय संपतो. जंतू अंगातच राहतात. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटच्या एका मात्रेत हा रोग बरा होतो, म्हणून हा उशीर फार महागात पडतो.

उन्हाळी: 'लघवीला जळायलंय' हे पाणी कमी पडल्यानं, मूतखड्यानं, मूत्रमार्गातल्या साध्या जंतुसंसर्गानं किंवा गनोरियानंही होतं. धने-जिऱ्याचं पाणी पहिल्या कारणाला चालेल. पण लघवीच्या वाटेनं पू किंवा पिवळट स्राव आला तर घरगुती उपाय थांबवायचे. गनोरियाची लक्षणं मुलग्यांत बहुधा २ ते ७ दिवसांत दिसतात. मुलींत पुष्कळदा दिसतच नाहीत.

शिक्षक, चिकोडी
यात 'अवधाण' घाला. पायाला काटा रुतला, जखम चिघळली की जांघेत गाठ येते, हे इथं शेतात जाणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत. त्यामुळं जांघेतली कुठलीही गाठ अवधाणच ठरते आणि चुन्याचा लेप लागतो. नियम सोपा ठेवा: पायावर जखम नाही आणि गाठ आहे, तर दवाखाना.

परिचारिका, निपाणी
बरोबर. आणि मुलींचं 'अंगावर जातंय' राहिलं. लाल जातंय की पांढरं, हे त्या शब्दातून कळत नाही. पाळीच्या अधेमधे थोडा पांढरा, बिनवासाचा स्राव नेहमीचाच, त्याला धुपणी म्हणून घाबरवू नका. खाज, वास, दह्याच्या कवडीसारखा किंवा हिरवट स्राव, ओटीपोटात दुखणं, यांपैकी काही असेल तर तपासून घ्यायचं. त्यातही बुरशीचा त्रास संबंधाशिवायही होतो, हे आवर्जून लिहा. नाहीतर घरात पोरीवरच संशय.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर बहुधा कन्नड बोलणारे. 'उन्हाळी'चं भाषांतर करत बसू नका, 'उरि मूत्र' म्हणा. पांढऱ्या स्रावाला 'बिळि मुट्टु' चालतं.

समुपदेशक, बेळगाव
'७२ तासांची गोळी' हा शब्दही वेगळ्या चौकटीत घ्या. मेडिकलमध्ये मिळणारी ती लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी. गर्भ राहू नये म्हणून, जितकी लवकर तितकी बरी. एचआयव्हीचा धोका टाळण्याची औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, पण ती वेगळी, आणि २८ दिवस रोज घ्यायची. आकडा एकच असल्यानं पोरं एका गोळीत दोन्ही बसवतात. गर्भ टाळण्याची गोळी कुठलाच संसर्ग अडवत नाही. 'निरोध'चंही थोडं तसंच. १९६८ पासूनच्या सरकारी प्रचारानं तो कुटुंब नियोजनाचा शब्द झाला, त्यामुळं तो संसर्गही अडवतो हे वेगळं सांगावं लागतं.

शिक्षक, चिकोडी
भित्तिपत्रकावर 'तुमची माहिती गुप्त राहील' असं सरसकट लिहावं का?

समुपदेशक, बेळगाव
नको. लैंगिक संबंधाला १८ वर्षांखालच्या मुलाची संमती पोक्सो कायदा (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा, २०१२) धरत नाही, आणि अत्याचार कळल्यावर पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शिक्षकही त्यातून सुटत नाहीत. 'कुणालाच सांगणार नाही' हे वचन तुम्हाला पाळता येणार नाही. 'वर्गात किंवा इतर मुलांत बोललं जाणार नाही. तुला धोका असेल तर मदत करू शकणाऱ्यांनाच सांगू, आणि आधी तुला सांगून' असं लिहा. खाली मुलांच्या मदतीसाठीचा फोन नंबर १०९८ आणि एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७. दोन्ही फुकट आहेत.

प्रश्नपेटी ठेवणार असाल तर सगळ्यांना एकाच मापाच्या चिठ्ठ्या द्या आणि प्रश्न नसला तरी प्रत्येकाला कोरी का होईना, टाकायला लावा. नाहीतर पेटीपाशी कोण गेलं यावरच मधल्या सुट्टीत चर्चा होते.

प्रश्नकर्त्या
मग पेटीवर 'तक्रारपेटी' लिहिलेलं आहे ते खोडून घेते.