प्रतिसाद: पसारा आणि दीड वर्षाचं मूल

दीड वर्षाच्या लेकामागे दिवसभर खेळणी उचलून जीव मेटाकुटीला येतो, असं तुम्ही लिहिलंय. दिवसभर उचलूच नका. रात्री जेवणाआधी एकदाच आवरा, तेही त्याला बरोबर घेऊन. या वयात वस्तू टोपलीत टाकणं हाच खेळ असतो. टोपली मात्र बिनझाकणाची आणि त्याच्या हाताला येणारी हवी. माँटेसरी बालवाडीत फळ्या मुलांच्या उंचीच्या असतात, त्या याचसाठी. निम्मी खेळणी माळ्यावर टाका, पंधरवड्यानं अदलाबदल करा. स्वयंपाकघरात खालच्या कप्प्यात वाट्या, डबे ठेवा आणि तेवढा पसारा खुशाल होऊ द्या.

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. नाणी, शेंगदाणे, मोठ्या भावंडाच्या गोट्या दिसल्या क्षणी उचला. सगळ्यात घातक म्हणजे रिमोटमधली आणि गाणाऱ्या खेळण्यांमधली बटणासारखी चपटी बॅटरी. ती घशात अडकली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजून निघते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला जाऊ नका, तडक मोठ्या रुग्णालयात न्या. त्या खेळण्यांची झाकणं स्क्रूनं बंद आहेत ना, हे आजच बघून घ्या.