मदत हवी आहे: पिकअपमधून पांढरा धूर, कुलंट कमी होतंय, इंजिनचं हेड उतरवू का?

नमस्कार मंडळी, रावेरहून लिहितोय. माझी २०१८ ची बीएस ४ डिझेल पिकअप आहे, १ लाख ७० हजार किलोमीटर झालेत, बागेतून केळी भरून रावेर नाहीतर सावदा, कधी जळगाव, हेच काम. गेल्या पंधरा दिवसांपासून सकाळी सेल्फ मारला की सायलेन्सरमधून पांढराफेक धूर, एवढा की मागचा गोठा दिसत नाही. आधी वाटलं थंडीचा असेल, या दिवसांत आमच्याकडे पहाटे पारा १० च्या आसपास येतो आणि सगळ्याच गाड्या वाफ सोडतात. पण ती वाफ इंजिन तापलं की पाच-सात मिनिटांत जाते, हा धूर जात नाही, कमी होतो पण सावदा येईपर्यंत आरशात दिसतच राहतो.

मी काय काय पाहिलं ते सांगतो. कुलंटच्या बाटलीतलं पाणी दोन दिवसांत अर्धा लिटर खाली जातंय, आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही, होज, वॉटर पंप, रेडिएटर, केबिनचा हिटर सगळं कोरडं. डिपस्टिक काढली तर ऑइल काळंच आहे, दुधाळ झालेलं नाही, झाकणाखाली पण काही नाही. टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या वर जात नाही. पिकअपला ताकद आहे, मिसफायर नाही. मग एक पुठ्ठा सायलेन्सरपुढे अर्धा मिनिट धरला, त्यावर बारीक बारीक थेंब बसले, बोटाने चोळले तर तेलकट लागले नाहीत, डिझेलचा वासही नाही, थोडा गोडसर वास आला, आणि उन्हात ठेवल्यावर डाग न राहता पुठ्ठा वाळून गेला.

इथल्या एका मिस्त्रीने लांबूनच बघून सांगितलं की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवून लेथवर फेसिंग करावं, म्हणजे घासून सपाट करावं लागेल, खर्च ४० हजारांच्या पुढे. दुसरा म्हणतो इंजेक्टर (सिलेंडरात डिझेल फवारणारे) टपकतायत, चारही टेस्टिंगला पाठव. मला दोघांचंही पटेना, डिझेल जळत नसेल तर कुलंट कुठे जातंय? आणि गाडी आठ दिवस उभी राहिली तर व्यापारी दुसऱ्याची गाडी लावतो, कापलेला माल कोणासाठी थांबत नाही, वर हप्ता आहेच. एक गोष्ट लपवत नाही, मागच्या उन्हाळ्यात कुलंट कमी झालं की बोअरचं पाणी टाकायचो. त्याचा काही संबंध असेल का? हेड न उतरवता खात्री कशी करायची ते कोणी सांगा भाऊ.

प्रतिसाद (धुळ्याचा डिझेल मेकॅनिक)

दादा, पुठ्ठ्याचं केलं ते फार चांगलं केलं. जळलं नाही ते डिझेल असतं तर वास डोळ्यांत चुरचुरला असता आणि पुठ्ठ्यावर चिकट डाग राहिला असता, म्हणजे इंजेक्टरचा विषय सध्या सोडा. पाणीच जातंय. पण पाणी जायला हेड गॅस्केट ही एकच वाट नाही, तुमच्या गाडीत ईजीआर कूलर पण आहे. त्यात सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर कुलंटने थंड करून परत इंजिनात जातो, आतल्या बारीक नळीला चीर गेली की पाणी धुरात उतरतं, बाहेर थेंब दिसत नाही. बोअरच्या पाण्याचा संबंध असू शकतो, आपल्याकडच्या पाण्यात क्षार भरपूर, ते आत थर धरतात आणि गंज लावतात.

आधी गॅस्केट बघा. सकाळी पूर्ण थंड गाडीत रेडिएटरचं झाकण काढा (गरम असताना हात लावू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं), सेल्फ मारा आणि पाण्याकडे बघत राहा. सारखे बुडबुडे येत असतील, किंवा वरचा होज दोन-तीन मिनिटांतच दगडासारखा कडक होत असेल तर गॅस्केट. तसं काही नसेल तर कूलरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून पाइपाच्या तुकड्याने एकमेकींना जोडा, कूलरला पाणी बंद. माल न भरता एकच दिवस, काट्यावर नजर ठेवून चालवा. धूर गेला तर चोर सापडला.

आणि तोवर सकाळचा सेल्फ जपून. रात्रीतून पाणी सिलेंडरात साठलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ मारताना इंजिन अडखळलं तर पुन्हा मारू नका.

धागाकर्ता

भाऊ, हात जोडून आभार. झाकण काढून पाहिलं, दोन-चार बुडबुडे आले आणि पाणी शांत झालं, होज मऊच. मग मिस्त्रीला समोर बसवून तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्याने नळ्या जोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी वाफ, पाच मिनिटांत साफ. कूलर उतरवला, पाण्याचं एक तोंड बंद करून टबातल्या पाण्यात धरला आणि दुसऱ्या तोंडातून हवा सोडली, पंक्चरच्या ट्यूबसारखे एका कोपऱ्यातून बुडबुडे. आत पांढरा थर, नखाने खरवडला तर निघत नव्हता.

एकजण म्हणाला की नवा कशाला टाकतो, ईजीआर कायमचा बंद कर. नाही केला, तो धुरातलं विष कमी करायलाच दिलाय, आणि माझी पोरं याच गाडीमागे अंगणात खेळतात. नवा कूलर टाकला, मजुरीसकट ४० हजारांच्या निम्म्यातही गेलं नाही. सिस्टिम तीनदा धुतली, पहिल्यांदा विटेच्या रंगाचं पाणी निघालं, आता कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरलंय. बाटलीवर मार्करने रेघ मारलीय, आज आठवा दिवस, पातळी रेघेवरच आहे. उद्या पहाटे वाघोडला माल भरायचाय.