फायटरसोबत कोणते मासे ठेवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दोन फुटी टाकी आहे, साधारण ५० लिटर पाणी, स्पंज फिल्टर, हीटर २६ अंशांवर. आत सध्या एकच निळा नर फायटर (बेटा) मासा, आणि साहेब भलतेच तापट: काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी गलफडं फुगवून धावून जातात. त्यामुळे गप्पीचे नर बाद, त्यांच्या रंगीत शेपट्या बघून हा पिसाळेल. दुकानदार टायगर बार्ब गळ्यात मारतोय, पण ते पंख कुरतडतात ना! तळाला बारीक वाळू आहे, म्हणून सहा कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे मासे) आणायचा विचार आहे. बोअरचं पाणी जड (क्षारांचं) आहे, त्यात निऑन टेट्रा टिकतील का, की कोरीडोरासवरच थांबू? आणि गोगलगाय सोडली तर हा तिच्या मिशा तोडेल का?