कचऱ्याचे महिना 100 रुपये द्यायचे का?

मुलुंडकर: 2025 मध्ये मुंबई पालिकेने कचऱ्याच्या नियमांचा जो मसुदा काढला त्यात 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला कचऱ्याचे महिना 100 रुपये होते. माझं मत, द्यावेत. आमचं डम्पिंग 2018 ला बंद झालं तेव्हा सुटलो म्हणालो, पण कचरा कुठे जाणार, कांजूरला जातो, वास तिथल्या लोकांना. उचलायला खर्च येतोच ना.

पार्लेकर: अजिबात नाही. मालमत्ता कर कशाला भरतो मग? माझी आई दुधाच्या पिशव्या धुवून दोरीवर वाळत घालते, ओला सुका वेगळा, आणि खाली येणारा गाडीवाला दोन्ही डबे एकाच तोंडात ओततो. आधी हे थांबवा, मग पैसे मागा.

मुलुंडकर: 500 फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून तो कर माफ आहे की.

पार्लेकर: म्हणजे एका हाताने माफ आणि दुसऱ्या हाताने वसूल, असंच ना?

गोवंडीची लेक: तुमचं दोघांचं चाललंय पण कचरा निवडतं कोण ते कोणीच बोलत नाही. माझी आई देवनारच्या डम्पिंगला हातात लोखंडी आकडा घेऊन वेचायची, डायपर, फुटक्या काचा, त्यातनं बाटल्या वेगळ्या काढायच्या, ग्लोव्हज वगैरे काही नाही. 2016 च्या जानेवारीत डम्पिंगला आग लागली तेव्हा आमच्या इकडे शाळा बंद ठेवल्या होत्या, दार लावलं तरी धूर घरात. पैसे द्या, पण तिच्यासारखीच्या हातात द्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या बायका दारात येतात आणि लोक त्यांनाच देतात.

सायनचा भाचा: ताईंना अनुमोदन. माझे मामा धारावीत तेरा कंपाउंडला, भंगार प्लास्टिकच्या कामात आहेत. प्लास्टिक रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे निवडायचं, क्रशरला घालायचं, धुवायचं, पत्र्यावर वाळवायचं, मग वितळवून त्याचा दाणा, त्यातनं पुन्हा वस्तू. डाळ सांडलेला डबा आला की भाव पडतो, चिप्सचं पाकीट तर कोणी घेतच नाही. पार्लेकर, तुमच्या आईची धुतलेली पिशवी म्हणजे तिकडे चांगला माल आहे हो, गाडीत मिक्स होते तेव्हा आमच्या माणसाची मजुरी जाते.

पार्लेकर: हे मी धरलंच नव्हतं. दारात ताई येणार असतील तर 100 काय 150 देईन, पण त्यांच्या हातात, ठेकेदाराला एक पै नाही.

मुलुंडकर: आणि आमच्या 22 मजल्यांच्या टॉवरमध्ये? वॉचमन त्यांना गेटच्या आत सोडत नाही, आमच्याच कमिटीचा नियम आहे. रविवारी मीटिंग आहे, तिथे मांडतो.