मदत हवी: धक्का जलपर्णीने बंद झालाय, होड्या निघेनात

तळ्याकाठी: मंडळी लवकर सांगा. धक्क्यासमोर जलपर्णीचा असा थर बसलाय की होड्या अडकल्यात, जाळं टाकायला जागा नाही, आणि आज पहाटे मासे वर येऊन श्वास घेत होते. तणनाशक मारू का? कुठलं, किती?

अंधेरीकर: दादा कुठला तलाव? पवई का? खोली किती, गटार येतं का, मासे कुठले?

तळ्याकाठी: पवई नाही हो, वसईकडचा, पंचायतीकडून ठेक्याने घेतलाय, आम्ही मुंबईहून ये-जा करतो. रोहू-कटलाची बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडलीत. तणनाशकाचं सांगा ना.

निशा_मुलुंड: तणनाशक अजिबात नको! जलपर्णी मेली की पाण्यातच कुजते आणि कुजताना प्राणवायू खाते. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, तुमचे मासे वर येतायत म्हणजे आत्ताच तुटवडा आहे. खाद्य बंद ठेवा, आज रात्रीपासून पंपाने तलावाचंच पाणी उंचावरून परत तलावात पाडा.

पागवाला: ताई, आम्ही मारलंय, आठवड्यात साफ झालं.

निशा_मुलुंड: मासे होते त्यात?

पागवाला: नाही, पाणी बागेला होतं. मग गवत्या मासा सोडा, तो गवत खातो.

अंधेरीकर: गवत्या हायड्रिला, म्हणजे पाण्याखालचं तण, आवडीने खातो, जलपर्णीला फारसं तोंड लावत नाही. जलपर्णी खाणारे भुंगेरे सोडायचा उपाय आहे, १९८०च्या दशकात भारतात आणलेत, पण त्याला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात. आणि जलपर्णी गटाराच्या पाण्यावर पोसते, ते थांबलं नाही तर काहीच टिकत नाही. पवई तलाव १८९१चा, पिण्यासाठी बांधलेला, पाणी बिघडलं म्हणून ते सोडावं लागलं, आता पालिका मशीनने जलपर्णी काढते आणि ती परत येते.

रोहन_७: पवईत मगरी आहेत ना अजून? मुलांना दाखवायला कुठून दिसतात?

निशा_मुलुंड: रोहन, वेगळा धागा काढा प्लीज. तळ्याकाठी, गटाराचं सांगितलंच नाहीत. आणि धक्का कुठल्या बाजूला आहे?

तळ्याकाठी: पूर्वेला. एका सोसायटीचं पाणी येतं, पंचायतीला सांगून झालंय. धक्क्याच्या बाजूचा काय संबंध?

निशा_मुलुंड: अहो पश्चिमेचा वारा सगळी जलपर्णी तुमच्याकडेच लोटतोय. रिकामे ड्रम दोराने ओवून धक्क्यापुढे आडवे बांधा, आतली हाताने काढा, काठावर नाही तर लांब नेऊन वाळवा, पावसात वाहून परत आत येते. आणि सोसायटीचं पंचायतीला लेखी द्या, पोच घ्या.

तळ्याकाठी: ड्रम मिळतील. पंप किती एचपीचा लागेल?

अंधेरीकर: तलाव किती गुंठ्यांचा आहे ते आधी सांगा!