गूढ शब्दकोडं: हा मजूर काही केल्या सापडत नाही

अडलेला_आडवा
साधी कोडी सुटतात, गूढ सूचना आली की गाडी अडते. सध्या दोन जागा अडल्यात.
१) आडवा: 'काम थंड, तरी मजूर (४)'. 'कष्टकरी' चार घरांत बसतो, पण उभ्या शब्दामुळे दुसऱ्या घरात 'म' पक्का आहे. 'श्रमिक' तीनच अक्षरी.
२) साध्या कोड्यात 'शिक्षक (२)' म्हणून 'गुरू' लिहिला. त्याच शेवटच्या घरातून उभा शब्द सुरू होतो: 'खिशातलं कापड (३)', म्हणजे रुमाल. एका घरात 'रू' की 'रु'?

तिरकस
पहिलं 'कामगार'. काम + गार.

गूढ सूचनेत उत्तराचा सरळ अर्थ एका टोकाला असतो, सुरुवातीला किंवा शेवटी. मधे कधीच नाही. उरलेला भाग ही जुळणी. इथे 'मजूर' हा अर्थ, 'काम' जसंच्या तसं, 'थंड' म्हणजे गार आणि 'तरी' नुसता सांधा. म्हणून वाक्य वाक्य म्हणून वाचूच नका. आधी दोन्ही टोकं झाका-उघडा, कुठलं टोक अर्थ असू शकतं ते ठरवा, मग उरलेल्या शब्दांचे तुकडे पाडा.

खुणेचे शब्द ओळखायला शिका. 'उलट', 'परत' असेल तर अक्षरं मागून: 'नदी परतली, गरीब (२)' = दीन. 'पोटात', 'आत' असेल तर शब्द लपलेला: 'फार थकलेल्यांच्या पोटात वाहन (२)' = रथ, 'फार थकलेल्या'मधला. तिथे 'फार थांबलेल्या' असतं तर रथ निघाला नसता, कारण 'था'ला काना आहे.

काळं_घर
दुसऱ्याबद्दल. मराठी लेखनाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटी येणारा इ-उ दीर्घ, म्हणून 'गुरू', 'कवी'. समासात पहिलं पद झाला की पुन्हा ह्रस्व: गुरुकुल, कविसंमेलन. 'रुमाल' ह्रस्वच. तेव्हा तुमचं चुकलेलं नाही. कोडं रचणाऱ्याने ह्रस्व-दीर्घ सोडून दिलंय किंवा संस्कृतातलं 'गुरु' घेतलंय. बरेच जण असं करतात, मला ते पटत नाही. त्याच कोड्यात अशी आणखी एक जागा दिसली तर सवलत आहे असं धरा. बाकी सगळीकडे काटेकोर असेल तर 'गुरू'वर संशय घ्या, 'रुमाल'वर नाही, कारण तिथे पर्याय कमी.

घरं मोजतानाही घोटाळा होतो. जोडाक्षर, रफार, अनुस्वार सगळं एकाच घरात जातं. 'स्वातंत्र्य' तीन घरांचा: स्वा, तं, त्र्य.

सुरुवात करायची ती एकच उत्तर संभवतं अशा सूचनांनी. 'नाचता येईना … वाकडे (३)' इथे 'अंगण'शिवाय काही बसत नाही. समानार्थी शब्द मागणाऱ्या सूचना शेवटी, आणि छेदणारं निदान एक अक्षर हातात आल्यावरच. मराठीत ते अक्षर मात्रेसकट मिळतं, त्यामुळे एकानेही बरेच पर्याय गळतात. सूचनेचं व्याकरणही बघा: अनेकवचन असेल तर उत्तर अनेकवचनी, 'कापतो' असेल तर क्रियापद.

अडलेला_आडवा
कामगार बसला! मग 'विस्कटलेला नवरा, माकडच (३)' = वानर, असं रचता येईल का?

तिरकस
मोह होतो खरा, पण नाही. नवरा म्हणजे न, व, रा. वानर म्हणजे वा, न, र. विस्कटायची ती अक्षरं, काना आपल्या अक्षराला चिकटूनच राहतो. 'विस्कटलेलं कलम, चिखलातलं फूल (३)' मात्र चालेल.