सोशल स्टोरी तोंडपाठ आहे, तरी झोपाळ्यावर ढकलाढकली चालूच

शाळेतली ताई: सहा वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा, तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतो. बागेत झोपाळ्यावर कोणी दिसलं की ढकलून उतरवतो. त्याच्यासाठी लिहिलेली सोशल स्टोरी, म्हणजे एखाद्या प्रसंगात काय होतं आणि काय करायचं ते समजावणारी छोटी गोष्ट, अशी आहे: ‘मी ढकलायचं नाही. मी रांगेत थांबायचं. मी शहाण्यासारखं वागायचं.’ घडाघडा म्हणतो, आणि म्हणता म्हणता ढकलतो. काय बदलू?

स्पीचवाली: ताई, ही गोष्ट कुठली, हे तर तीन हुकूम! सोशल स्टोरी ज्यांनी सुरू केली त्या कॅरल ग्रे यांच्या पद्धतीत ‘काय करायचं’ सांगणाऱ्या एका वाक्यामागे परिस्थिती समजावणारी निदान दोन वाक्यं लागतात. असं लिहा:

‘बागेत झोपाळा आहे. खूप मुलांना झोका आवडतो. कधी कधी झोपाळ्यावर दुसरा मुलगा असतो. मला झोका हवाय, हे त्याला माहीत नसतं. मी “मला बसू दे” म्हणू शकतो. बहुतेक वेळा तो थोड्या वेळाने उतरतो. मग माझी पाळी येते.’

‘बहुतेक वेळा’ गाळू नका. ‘तो उतरतोच’ लिहिलं आणि एकदा तो उतरला नाही, की गोष्ट खोटी पडली. एका पानावर एकच वाक्य आणि फोटो.

बालवाचा: ‘त्याला माहीत नसतं’ हे वाक्य या मुलाला जड जाईल. दुसऱ्याला काय माहीत नाही हे मुलाला ओळखता येतं का, ते बाहुल्यांच्या गोष्टीतून तपासणाऱ्या १९८५ च्या सॅली-अ‍ॅन प्रयोगात २० पैकी १६ ऑटिस्टिक मुलं नेमकी इथेच अडली होती. आधी डोळ्यांना दिसणारं घ्या: ‘ढकललं की मुलगा पडतो. त्याला लागतं. तो रडतो.’ ‘थोड्या वेळाने’सुद्धा त्याला दिसत नाही, त्याऐवजी दहा झोके मोजा.

पाठांतर म्हणजे समज नव्हे, ते नुसतं इकोलेलियाही (ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं) असू शकतं. फोटो दाखवून विचारा, ‘झोपाळ्यावर कोण? आता कोणाची पाळी?’ बोट दाखवलं तरी चालेल. ‘का’चे प्रश्न पुढे कधीतरी. तो स्वतःला ‘तू’ म्हणत असेल, तर ‘मी’ काढून त्याचं नाव घाला.

गोष्ट वाचायची बागेत निघण्याआधी, तो शांत असताना. ढकलल्यावर लगेच वाचली तर ती शिक्षा होते, मग पुस्तक दिसलं तरी पळेल. वाचून झालं की बाहुली खुर्चीत बसवून ‘मला बसू दे’चा सराव घ्या.

शाळेतली ताई: फोटो त्याच बागेतला एक पुरेल का?

बालवाचा: सुरुवातीला पुरेल. नंतर दुसरी बाग आणि वेगळी मुलं असलेले फोटोही घाला. नाहीतर नियम पहिल्या फोटोतल्या, समजा, निळ्या शर्टवाल्या मुलापुरताच राहतो.